खाडीकाठचा उंबरा

बाळांनो, पुढच्या महिन्यात आम्ही कतार सोडून पुण्याला परतणार, म्हणून आमच्या ड्रायव्हरकाकांबद्दल आत्ताच लिहिते.

काका मालवणकडचे. गाडीत गप्प असतात. फक्त सिग्नल सुटला की स्वतःलाच "यल्ला", म्हणजे अरबीत "चला", म्हणतात. कधीमधी शुक्रवारी ते आम्हाला उत्तरेकडच्या खाडीकाठी जुन्या गावात नेतात. मासे आणि मोती काढणाऱ्यांची ही पूर्वीची वस्ती. आता तिथे कुणी राहत नाही, घरांना छपरंही नाहीत. तरी काका दारात चपला काढतात आणि "कोण आसा काय?" असं विचारूनच आत जातात.

गेल्या खेपेला तुमच्या आजोबांनी तुळशीच्या कुंडीखाली ठेवायला शिंपले रुतलेला एक दगड उचलून गाडीत ठेवला. काकांनी गाडी सुरूच केली नाही.

"साहेबानू, तो उंबऱ्याचो दगड आसा. थंय ठेवन येवा."

"अरे बाबा, इथे राहतंय कोण आता?"

"उद्या कोण परत ईलो तर?"

आवाज नरमच होता. काकांची नोकरी आजोबांच्या शब्दावर होती, तरी काकांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. आजोबा हसले आणि दगड जागेवर बसवून आले.

त्या घराच्या दोन भिंती उभ्या आहेत, आणि उंबरा अख्खा आहे.