वसुंधराबाईंचे दोन गाल

कारेलीबागेत राहणाऱ्या वसुंधरा फाळके बावीस वर्षं दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेत होत्या. मुलं त्यांना वसुबेन म्हणत. यजमान हिंमतराव बाजव्याजवळच्या रिफायनरीत पाळीने कामाला होते. त्यांचे खापरपणजोबा गायकवाडी फौजेत पहारेकरी होते, आणि ही गोष्ट सोसायटीत ज्याला माहीत नाही असा माणूस नव्हता.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या दोन्ही गालांवर रुपयाएवढे लाल, खरबरीत चट्टे उठले. आधी वाटलं, ऊन लागलं. मग वाटलं, खडू बाधला. शेजारणींनी सुचवलेली कोरफड झाली, मुलतानी माती झाली, कुणाच्या तरी नणंदेने आणंदहून पाठवलेलं काळं तेलही झालं. शेवटी अकोट्याच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. मिताली पारेख यांनी चट्ट्याचा कण तपासायला पाठवला आणि सांगितलं, "ल्युपस आहे. तुमचा कातडीपुरताच आहे, आत काही नाही. शरीराचं रक्षण करणारी शक्तीच चुकून आपल्या माणसांवर चालून येते, असं समजा."

"म्हणजे फितुरी?" हिंमतरावांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

"आमच्या घराण्यात असं कुणी केलं नाही हो," हिंमतराव म्हणाले.

दोन वर्षं गोळ्या आणि मलमं झाली. चट्टे कमी व्हायचे, परत यायचे. तेव्हा एका दिवाळीनंतर डॉक्टरांनी नव्या मलमाच्या चाचणीबद्दल सांगितलं. परदेशी कंपनीचं मलम, बारा आठवडे लावायचं. एका गालाला खरं औषध, दुसऱ्याला नुसतंच मलम. कुठलं कुठे ते ना बाईंना कळणार, ना डॉक्टरांना. नको वाटलं तर केव्हाही सोडता येईल.

संमतीपत्र बावीस पानांचं होतं. चाचणीचं कामकाज बघणाऱ्या मनालीबेनना वाटलं, बाई शेवटच्या पानावर सही करतील आणि मोकळ्या होतील. बाईंनी ते घरी नेलं आणि लाल पेनाने तपासून परत आणलं.

"पान चौदा," त्या म्हणाल्या. "दुष्परिणामांच्या टक्केवारीची बेरीज एकशे सहा होते. सहा माणसं जास्तीची आली कुठून?"

मनालीबेन म्हणाल्या, "मासी, एकाच माणसाला दोन त्रास झाले असतील."

"मग तसं लिहा."

तसं लिहावं लागलं. कागद कंपनीकडे गेला, सुधारून आला, आणि आधी सह्या केलेल्या सगळ्या रुग्णांना बोलावून पुन्हा सह्या घेतल्या गेल्या. त्यातला एकजण पादरा गावाहून बसने आला होता. त्याने बाईंकडे जे बघितलं ते त्यांना बरेच दिवस आठवत राहिलं.

मग प्रश्नावली. बाईंचं वय एकोणपन्नास. शेवटची पाळी येऊन अकरा महिने झालेले. कंपनीच्या नियमात बारा महिने पुरे झाल्याशिवाय बाई आई होण्याच्या शक्यतेतून सुटत नाही. म्हणून दर महिन्याला गर्भाची तपासणी करणं भाग होतं.

"आणि मासी, गर्भ राहू नये म्हणून काय साधन वापरता?" मनालीबेननी आवाज खाली आणून विचारलं.

"ह्यांची रात्रपाळी."

मनालीबेननी रकाने वरपासून खालपर्यंत बघितले. "असा पर्याय नथी, मासी. 'संयम' लिहू?"

"लिहा."

महिन्याभरात बारा महिने पुरे झाले. पण नाव यादीत गेलेलं. तपासणी शेवटपर्यंत चालू राहिली आणि दर खेपेला मनालीबेन गंभीरपणे सांगत, "नथी." बाईही तितक्याच गंभीरपणे म्हणत, "आभार."

दोन ट्यूबा मिळाल्या. एकीवर 'डावा', दुसरीवर 'उजवा'. सकाळ-संध्याकाळ डाव्या हाताने डाव्याला, उजव्या हाताने उजव्याला लावायचं आणि रोज डायरीत शून्य ते दहामध्ये त्रासाचा आकडा भरायचा. पहिल्या दिवशी बाईंनी लिहिलं : ६.२५. कंपनीकडून विचारणा आली की आकडा पूर्ण हवा. बाईंनी उत्तर पाठवलं की त्रास पूर्ण आकड्यांत होत नाही. शेवटी सहावर तडजोड झाली. बाईंना मात्र तो पाव आकडा कुठेतरी बुडाल्यासारखं वाटत राहिलं.

सहाव्या आठवड्यात डावा गाल निवळू लागला. दहाव्याला तो चक्क स्वच्छ झाला. उजवा होता तसाच, लालबुंद.

आता बाई म्हणजे अर्ध्या-अर्ध्या बाई झाल्या. डावीकडून भेटणारे म्हणत, "अरे वा, मटी गयुं ने, बरं झालं!" उजवीकडून भेटणारे म्हणत, "अजून तसंच का हो?" दोन शेजारणींचं यावरून जिन्यात वाजलं; दोघीही खरं बोलत होत्या.

बाईंना सगळ्यात खुपली ती हिंमतरावांची गोष्ट. जेवताना ते कायम त्यांच्या डावीकडच्या खुर्चीवर बसत. एके दिवशी ताट उचलून उजवीकडे आले आणि मग रोज तिथेच बसू लागले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, बाई असल्या गोष्टींनी हलणाऱ्या नव्हत्या. तरी आठवडाभर त्या जेवताना डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांनी पोळी तव्यावरच ठेवली आणि विचारलं, "एवढं काय बघता त्या चट्ट्याकडे? चांगला गाल नाही का दिसत?"

हिंमतराव गोंधळले. "तो बरा झाला की. त्याला काय बघायचंय?" ते म्हणाले. "ह्याच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

बाई तव्याकडे वळल्या. पोळी करपली, ती त्यांनी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

बारा आठवडे संपले. आता पुढचा टप्पा होता, त्यात सगळ्यांना खरं औषध मिळणार होतं. पण नियम असा, की ज्या गालावर चट्टा आहे त्यालाच प्रवेश. बाईंचा उजवा गाल पात्र ठरला. डावा अपात्र.

"डाव्याला अजिबात लावायचं नाही हं, मासी," मनालीबेननी बजावलं.

बाईंनी नियम पाळला. नियम पाळणं त्यांच्या रक्तातच होतं. उजवा गाल आठ आठवड्यांत नितळ झाला. आणि तोवर चैत्राचं ऊन तापलं, डाव्यावरचं औषध सुटून दोन महिने झाले होते, तिथे पुन्हा लाली चढली. चट्टा जणू नाक ओलांडून पलीकडे राहायला गेला होता.

फोटो पाठवले तेव्हा कंपनीने कळवलं की छायाचित्रं उलटी छापली गेली आहेत, दुरुस्त करावीत. डॉ. मितालींनी कळवलं की उलटी नाहीत, आता डाव्यालाही औषध द्यायला हवं. कंपनीने विचारलं, डावा म्हणजे रुग्णाचा डावा की बघणाऱ्याचा? बाईंनी चेहऱ्याची आकृती काढून दिली, क्ष-अक्ष, य-अक्ष, हनुवटीवरच्या तिळाचे निर्देशांक, सगळ्यांसकट. तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग आलं : डाव्या गालाचा सहभाग पूर्ण झालेला आहे आणि एका व्यक्तीला चाचणीत दोनदा भाग घेता येत नाही.

डॉ. मिताली चिडल्या. त्यांनी प्रकरण इस्पितळाच्या नीतिसमितीपुढे नेलं. रुग्णांवर अन्याय होत नाही ना, हे ही समिती बघते. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते. मे महिन्यातल्या एका दुपारी बाईंना बोलावणं आलं. हिंमतराव रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून बरोबर गेले आणि दाराबाहेर उभे राहिले. शिपायाने खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

आत अर्धा तास एकाच मुद्द्यावर खल चालला होता : गाल हा स्वतंत्र रुग्ण मानता येईल का? एक सभासद म्हणाले, मानला तर त्याची वेगळी सही लागेल. दुसऱ्यांनी विचारलं, ती तो करणार कशी? हे गमतीने विचारलेलं नव्हतं. कुणीतरी ते लिहूनही घेतलं.

"मी बोलू?" वसुंधराबाईंनी विचारलं. "फळा आहे का?"

फळा नव्हता. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"पहिल्या बारा आठवड्यांत तुम्ही माझे दोन गाल म्हणजे दोन माणसं धरलीत. एकाला औषध दिलंत, दुसऱ्याला नाही. तेव्हा मी दोन होते. आता डाव्याला परत घ्या म्हटलं तर म्हणता, बाई एकच आहे. ठीक. दोन शक्यता घेऊ. समजा मी दोन आहे. मग डावा आजारी आहे आणि त्याने खरं औषध घेतलं की नाही हे अजून तुम्हाला माहीत नाही. त्याला पुढच्या टप्प्यात घ्या. समजा मी एक आहे. मग मी पुढच्या टप्प्यात आहेच; मला तोंडभर लावू द्या. तिसरी शक्यता असेल तर सांगा."

 न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"तिसरी शक्यता दिसत नाही," ते म्हणाले. "आमच्या कोर्टात तुम्ही का नाही आलात?"

"शिकवणीची वेळ असते," बाई म्हणाल्या.

समितीने कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने महिनाभर घेतला आणि नियमात एक ओळ वाढवली, जी आता जगभरातल्या साऱ्या केंद्रांना लागू झाली : गरज पडल्यास मलम दोन्ही गालांना लावता येईल. मनालीबेननी बाईंना फोन केला तेव्हा त्या बोलता बोलता रडायला लागल्या. खरं तर रडायचं काही कारण नव्हतं, पण सहा महिने त्या दोन गालांचे कागद त्यांनीच भरले होते. बाईंनी त्यांना घरी बोलावून श्रीखंड-पुरी वाढली.

गणपतीपर्यंत दोन्ही गाल स्वच्छ झाले. जिथे चट्टे होते तिथे फिकट, नीट बघितलं तरच दिसेल असा डाग राहिला. तो जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऊन टाळायचं होतंच. पुन्हा उठू शकतं, हेही होतंच.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीने बराच वेळ बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वसुबेन, आज तुम्ही वेगळ्या दिसता. चष्मा बदलला?"

"हो," बाई म्हणाल्या. "वह्या उघडा. त्रिकोणमिती."