जास्तीची बांगडी

मुलांनो, "गणितात आता आकडेच उरले नाहीत, सोडून देऊ का?" असं तुमच्यातल्या अवनीने काल फोनवर विचारलं, म्हणून हे आजच लिहिते आहे.

जालन्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी मीही गणित सोडणार होते. लागोपाठच्या दोन संख्यांची बेरीज विषमच येते, हे सिद्ध करायचं होतं. मी चाळीस बेरजा करून दाखवल्या. सरांनी वहीत लिहिलं, 'ही उदाहरणं झाली. सिद्धता कुठे?'

त्याच आठवड्यात गावातल्याच मस्तगड भागात एका कासारणीकडे बांगड्या भरल्या. माझा पंजा हळूच दाबत, न बघताच ती बांगडी चढवायची. रिवाजाप्रमाणे उजव्या हातात एक जास्त. मी मोजू लागले तशी ती हसली.

"मोजून काय करून राह्यली, माय? ह्या हातातली एक, त्या हातातली एक, अशा जोड्या लावत जा. जास्तीची एक उरतेच. चार भर न्हाईतर चाळीस!"

दोन हातांतल्या बांगड्या म्हणजे लागोपाठच्या दोन संख्या, आणि जोड्या लावून जिच्यात एक उरते, तीच विषम संख्या. घरी जाऊन मी तिचं बोलणं वहीत नीट मांडलं. सरांनी बरोबरची खूण केली.

तिचं नाव विचारायचं राहिलं. त्या बांगड्या केव्हाच वाढवल्या. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.