आधी त्यांना विचारू

डॉ. कुंदाताईंची पहिली भेट झाली ती एका माहितीपत्रकामुळे. मी महाविद्यालयात मराठी शिकवीत होते. स्तनाच्या कर्करोगावरचा मजकूर सोप्या मराठीत लिहून द्यावा, असे त्यांनी कळविले होते. मी लिहून नेला. त्यांनी तो स्वतः वाचण्याआधी बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईंना वाचायला दिला, आणि त्या बाईंना जे कळले नाही ते खोडले. अर्धे पान उरले. तेव्हापासून मी दर शनिवारी त्यांच्या दवाखान्यात रुग्णांशी बोलायला बसते.

ताईंची एक रीत आहे. आजार आणि उपचाराचे मार्ग त्या आधी रुग्णाला, एकटीला, सांगतात. मग घरची माणसे आत येतात. त्यांना समजावून सांगायचे ते रुग्णाने. काही चुकले तरच ताई बोलतात.

कुहीकडच्या एका खेड्यातल्या शकुनबाई अशाच सांगायला बसल्या. गाठ लहान होती. तेवढीच काढून स्तन राखायचा आणि मग काही आठवडे नागपुरात रोज किरणांचा शेक घ्यायचा, हा एक मार्ग. पूर्ण स्तन काढायचा, हा दुसरा. त्यांच्या बाबतीत जगण्याची शक्यता दोन्हींत सारखीच होती.

यजमान म्हणाले, "म्याडम, तुमीच सांगा ना. तिले काय समजते?"

"मले सांगू तर द्या," शकुनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सारे बिनचूक सांगितले. शेवटी म्हणाल्या, काढूनच टाका. यजमानांचेही तेच मत होते. भाताची रोवणी, म्हणजे लावणी, तोंडावर आली होती; आठवडेच्या आठवडे नागपुरात राहणे जमणारे नव्हते.

मला वाटले, ठरले. ताईंना तसे वाटले नाही. रोवणी नसती तर? नागपुरात राहायची सोय झाली तर? असे त्यांनी शकुनबाईंना विचारले. आठवडाभराने आजारात फरक पडणार नाही, विचार करून या, असे ताईंनी सांगितले. यजमान चिडले. दोघेही एकच म्हणून राहिलो तर थांबायचे काहून, असा त्यांचा सवाल होता.

त्या आठवड्यात ताईंनी स्वतः फोन करून धर्मशाळेत एक खोली मिळविली.

शकुनबाई परत आल्या. "रोवणी कोनीबी करन. खोलीबी मिळाली. पन मले रोज चाचपून पाह्यत, भेत भेत जगायचं नाही. काढा."

उत्तर बदलले नव्हते. मग आठवडा कशाला, असे मी ताईंना नंतर विचारले.

"जखम भरल्यावर आरशासमोर त्या एकट्याच उभ्या राहतील," ताई म्हणाल्या. "तेव्हा त्यांना यजमानांचं वाक्य आठवू नये. माझंही."

शकुनबाई आजही तपासणीला येतात. मागच्या शनिवारी मी त्यांना ताईंच्या पंच्याहत्तरीच्या सोहळ्याचे सांगितले. यापुढे ताईंनी विश्रांती घ्यावी असे आमच्या गौरव समितीने ठरविले आहे, तेही सांगितले.

"त्याईले इचारलं काय कोनं?" त्या म्हणाल्या.

विचारले नव्हते.

ताईंना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो. त्या आयुष्याचे काय करायचे ते त्यांनीच सांगावे. तोवर आम्ही बाहेर बाकावर बसतो.