कठड्यासाठी आणलेला आर्गन

माझा स्वभाव तिरसट. कामात कोणी शहाणपणा शिकवला की डोकं फिरतं. शेजारच्या काकांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते मुद्दाम शिकवायचे.

त्यांचे गुडघे गेले होते. घराच्या चार पायऱ्या चढायला कठडा पाहिजे होता, तोही स्टीलचा. "वेल्डिंगचा सांधा काळा पडला तं तुयाच घरी लावजो," म्हणाले.

मी वरठीला वेल्डर होतो. सुटीच्या दिवशी करडी गावात घरच्या अंगणात असली कामं करायचो. लोखंड जोडताना सांध्यावर सोडतो तोच कार्बन डायऑक्साइड स्टीलवर सोडून पाहिला. सांधा काजळला, आणि आठ दिवसांत त्यावर तांबूस गंज. काका काठी टेकत आले नि हसले. "झालं का तुयं स्टील?" माझा नुसता जळफळाट झाला.

भंडाऱ्याचा गॅसवाला म्हणाला, स्टीलला निव्वळ आर्गन घ्या. सांध्याभोवतीची हवा तो हाकलून लावतो, म्हणून स्टील जळत नाही. पण एक सिलिंडर जमा केल्याशिवाय तो दुसरं देत नव्हता. माझ्याकडे लोखंड कापायचा ऑक्सिजन होता, काळ्या सिलिंडरात, अंगणातल्या पेरूखाली उभा, भरलेला. तो देऊन आर्गन आणला. पहिलाच सांधा लख्ख आला. काकांनी त्यावर बोट फिरवलं आणि पहिल्यांदा काही खोडी काढली नाही.

अर्धा कठडा झाला आणि करोनाची दुसरी लाट आली. काका तापानं पडले. पाचव्या दिवशी भर दुपारी काकू नाकावर पदर धरून फाटकात उभ्या राहिल्या.

"त्याहीले लय दम लागून राहिला. कोणत्याच दवाखान्यात पलंग नाही म्हणते. तुयं सिलिंडर दे ना गा."

"काकू, तो ऑक्सिजन नाही."

"गॅस तं आहे ना? काहून मना करून राहिला?"

"त्यानं माणूस मरते, काकू."

त्यांना ते खोटं वाटलं. मी देत नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. शेवटी पातेल्यात मेणबत्ती पेटवून ठेवली आणि आर्गनची नळी आत सोडली. ज्योत गेली. पेटती काडी आत धरली, तीही गेली. काकू पातेल्याकडे बघत राहिल्या.

"मंग पेरूखाली काळं होतं ते?"

"बदलून टाकलं."

"कायले?"

मी मोटारसायकलची किल्ली घ्यायला आत गेलो. कारखान्याचा ऑक्सिजन दवाखान्यातल्यासारखा नसतो, हे मला कळत होतं. पण त्या दिवसांत लोक तोही नाकाला लावत होते. मोटारसायकल काढून भंडाऱ्याला गेलो. गॅसवाल्याच्या दारात ही रांग. त्यानं लांबूनच हात जोडले. रिकाम्या हातानं परत आलो आणि काकांच्या दाराशी जायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले.

महिनाभरानं काकूच म्हणाल्या, "त्याहीनं सांगितलेलं काम पुरं कर." केलं. त्याच आर्गननं. इतके पावसाळे गेले, एक सांधा काळा पडला नाही. काकू रोज ओल्या फडक्यानं तो कठडा पुसतात, त्याला धरून चढतात. ऑक्सिजन कायले बदलला, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला सांगायची लाज वाटते. पण पुसताना त्या माझ्या घराकडं बघत नाहीत.