कडीबाईंचे दोन रकाने

चौतीस देशांतल्या घरोघरच्या सर्वेक्षणांची माहिती आमच्या कार्यालयात येऊन पडली होती. विषय एकच, मुलं. किती वर्षांची आहेत, शाळेत जातात का, नीट दिसतं-ऐकू येतं का. पण प्रत्येक देशाने विचारलं होतं आपापल्या तऱ्हेने. कुणी वय पूर्ण वर्षांत लिहिलेलं, कुणी चालू वर्षात. ‘माहीत नाही’ला कुणी आठ आकडा दिलेला, कुणी अठ्ठ्याण्णव. देशादेशांची तुलना करता यावी म्हणून हे सगळं एका साच्यात बसवायचं होतं, आणि त्यासाठी आठ महिन्यांकरता एक सल्लागार नेमायचा होता. जाहिरातीपासून मुलाखतीपर्यंतचं काम माझ्या गळ्यात पडलं.

अर्ज आले एकोणीस. त्यातला एक साठीच्या बाईंचा. बावीस वर्षं त्यांनी दारोदार जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरले होते. दाराची कडी वाजवण्यात जन्म चालला म्हणून बरोबरच्यांनी त्यांना ‘कडीबाई’ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे त्याही फोनवर तेच नाव सांगू लागल्या. पंचेचाळिशीत सासूबाईंनी अंथरूण धरलं, बाहेर पडणं थांबलं, तेव्हा भाचीच्या शेजारी बसून त्या संगणक शिकल्या. त्यानंतरची पंधरा वर्षं घरी बसून लोकांचा डेटा निस्तरून देत होत्या.

मुलाखतीआधी प्रत्येक उमेदवाराला आम्ही एकाच देशाची फाइल दिली आणि तासाभराचा वेळ. त्या देशात शंभरातली चाळीस मुलं शाळेत जात नाहीत असं दिसत होतं. बाकीच्यांनी सुंदर आलेख काढले, गरिबी, शाळेचं अंतर, अशी कारणं मांडली. कडीबाईंनी वीस मिनिटांनी मान वर केली आणि मला विचारलं, “त्या देशाच्या शाळांचं वर्षाचं वेळापत्रक मिळेल का हो?”

मी शोधून दिलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“प्रश्न असा आहे, मूल या आठवड्यात शाळेत गेलं का? आणि शंभरातले तीसेक फॉर्म भरलेत या पाच आठवड्यांत. तेव्हा सुट्टी होती. सुट्टीत कोण शाळेत जाईल?”

समितीतले आम्ही तिघंही त्या वेळापत्रकावर वाकलो. ती फाइल दोन वर्षं आमच्याकडे होती. साहेब, म्हणजे आमचे संचालक, हळूच म्हणाले, “आपण हा आकडा पुस्तिकेत छापलाय.” त्या दिवशी नेमणुकीच्या पत्रावर सही करताना मला दुसरं नाव सुचलंच नाही.

कडीबाईंना बसायला जुन्या फायलींची खोली दिली. आकड्यांना हात लावण्याआधी त्या प्रत्येक देशाची प्रश्नावली छापून घेत आणि मोठ्याने वाचत. मी एकदा विचारलं, हे कशासाठी?

“प्रश्न कानाला कसा लागतो ते कळायला नको? बाई उंबऱ्यात उभी असते, कडेवर एक, आत दूध उतू जातंय. तिला जे ऐकू येतं त्याचंच ती उत्तर देते.”

पाचव्या महिन्यात घोडं अडलं. एकोणीस देशांनी विचारलं होतं, ‘घरात कुणी मूल अपंग आहे का?’ हो किंवा नाही. उरलेल्या पंधरांनी विचारलं होतं, ‘मुलाला ऐकायला त्रास होतो का? अजिबात नाही, थोडा, खूप, की ऐकूच येत नाही?’ बघण्याबद्दल, चालण्याबद्दलही तसंच. पहिल्या प्रश्नाला शंभरात जेमतेम एक मूल सापडत होतं, दुसऱ्याला सात-आठ.

“खूप आणि त्यापुढचं ते हो, बाकी नाही,” साहेब म्हणाले. “एक रकाना करा आणि पुढे चला. अहवाल तोंडावर आलाय.”

“आवळा आणि भोपळा एका मापात घातला तर माप खोटं ठरतं, साहेब. हे दोन प्रश्न दोन वेगळ्या मुलांना शोधतात. दोन रकाने लागतील.”

“वाचणारे विचारतील, दोन का?”

“मग त्यांना दाखवता येईल असं काहीतरी करते. मला दहा दिवस द्या.”

ज्यांच्या घरात लहान मूल आहे असे आम्ही कार्यालयात सव्वीस जण होतो, ड्रायव्हरपासून साहेबांपर्यंत. कडीबाईंनी प्रत्येकाला बिननावाची चिठ्ठी दिली, पहिल्या प्रश्नाची. सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘नाही’. आठवड्याने दुसऱ्या प्रश्नाची चिठ्ठी दिली. खोक्यातून चार निघाल्या ‘थोडा’ म्हणणाऱ्या, आणि एक ‘खूप’.

बैठकीत त्यांनी दोन्ही ढीग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. साहेबांनी दुसऱ्या ढिगातली एक चिठ्ठी बाजूला ओढली.

“ती ‘खूप’ची चिठ्ठी माझी आहे,” ते म्हणाले. “नात. हाक मारली तर वळत नाही. आम्ही म्हणायचो, लाडावलीय, ऐकून न ऐकल्यासारखं करते.”

“आणि आधी ‘नाही’ लिहिलंत,” कडीबाई म्हणाल्या.

“खोटं नाही लिहिलं हो. तो शब्द वाचला आणि ती डोळ्यांसमोर आलीच नाही.”

इतकी वर्षं मी आकड्यांत काढली होती, पण एका शब्दाने घरातलं मूल असं दिसेनासं होतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. तेही आमच्याच टेबलावर, आमच्याच हस्ताक्षरात.

“तिचे कान तपासून घ्या,” कडीबाई म्हणाल्या. “माझ्या धाकट्या भावाला नवव्या वर्षापर्यंत मास्तर मठ्ठ म्हणत होते. तो मठ्ठ नव्हता. मागच्या बाकावर बसायचा.”

अहवालात दोन रकाने गेले, आणि खाली कडीबाईंनी लिहिलेली दीड पानाची टीप. दोन महिन्यांत सहा देशांकडून पत्रं आली. पुढच्या वेळी प्रश्न बदलू, दुसऱ्या तऱ्हेने विचारू, म्हणून. साहेबांच्या नातीला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. आता ती यंत्र लावते. साहेबांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, “काल स्वयंपाकघरातून हळू आवाजात हाक मारली. वळली.” आणि खाली उतरून गेले.

मुदत संपताना मी कडीबाईंपुढे आणखी दोन वर्षांचा करार ठेवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, आता घर अडवत नाही, म्हणाल्या. डोंगराकडच्या भागात नवं सर्वेक्षण निघतंय, तिथे फॉर्म भरणाऱ्यांत त्यांनी नाव दिलं होतं.

“या वयात पुन्हा दारोदार?”

“इथे बसून दुसऱ्यांचे प्रश्न वाचले. आता एकदा नीट प्रश्न घेऊन जाऊन बघते,” त्या म्हणाल्या, आणि डोंगरात पायांत काय घालावं ते मला विचारू लागल्या.