मावशींचा दिवा, माझी बॅटरी

या सदरातले अनुभव नातसून मला मोठ्यानं वाचून दाखवते. चकवा, पिंपळ, हाका... आणि मी प्रत्येकाचं शास्त्रीय कारण सांगत बसतो. मेहकरच्या एका हायस्कुलात मी जन्मभर शास्त्र शिकवलं. देवापुढे हात जोडले असतील ते आईचं मन राखायला. त्यामुळे "हे या सदरासाठी लिहून घे" असं मी म्हटलं तेव्हा तिला ती थट्टाच वाटली.

थट्टा नाही. ज्यांच्याबद्दल सांगतो आहे त्यांच्यापैकी आता दोघंच उरलो आहोत, मी आणि माझी थोरली बहीण. एका बाईवर माझ्यामुळे आलेला ठपका काढायचा राहिला आहे. ती बाई गेली त्यालाही आता खूप वर्षं झाली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. ताईचं सासर अमडापूरच्या अलीकडे एका लहान गावात. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही.) घरात तीन माणसं — ताई, तिचे यजमान शेषराव म्हणजे आमचे भाऊजी, आणि भाऊजींची आई. त्यांना मी मावशी म्हणायचो. मी दोन-तीन वर्षांपूर्वी शाळेत नोकरीला लागलेलो, म्हणून भाऊजी मला नावानं न बोलावता 'मास्तर' म्हणायचे. त्यात थट्टा होती, तसं कौतुकही होतं.

त्यांच्या मळ्यात एक जुनी दगडी विहीर होती. खोल, तोंडाला अरुंद. निम्म्याच्या जरा खाली भिंतीतून उंबराचं रोप बाहेर आलेलं. चुलत्यांशी वाद असल्यानं काही वर्षं ती विहीर वापरात नव्हती. त्या वैशाखात वाद मिटला. भाऊजींनी गाळ काढून विहिरीवर इंजिन बसवायचं ठरवलं, वांगी-मिरची लावायची होती.

तिकडे एक रीत होती. विहिरीत सात आसरा राहतात, पाण्याच्या बहिणी. गाळ काढायला माणूस उतरण्याआधी त्यांना विचारायचं. कणकेचा दिवा परडीत ठेवून, दोरानं तळापर्यंत सोडायचा. जळता वर आला तर आसरांनी वाट दिली. मध्येच विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी नारळ फोडायचा आणि पुन्हा विचारायचं. गावात कुणाचीही विहीर असो, दिवा सोडायला मावशींनाच बोलावणं यायचं. त्यांच्या हातच्या दिव्याला मान होता.

मला या रितीची चीड होती. भाऊजींशी मी दोन वर्षं वाद घातला. पाणी म्हणजे काय, झरे कसे फुटतात, सगळं सांगून पाहिलं. ते शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "असन बाप्पा. पण इचारून उतरलं तं आपलं काय जाते?"

मग एकदा ते मेहकरला माझ्याकडे आले. शाळेत माझे सहकारी बसले होते. बोलता बोलता भाऊजींनी आसरांचं सांगितलं, अगदी साधेपणानं. सगळे हसले. मीही हसलो... भाऊजींनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर नीट बसवली आणि विषय बदलला. त्यानंतर त्यांनी माझ्याशी कधी वाद घातला नाही. माझं म्हणणं त्यांना पटलं, असं मी धरून चाललो. किती खूश होतो मी तेव्हा.

त्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही विहिरीवर गेलो. गाळ काढणारे दोन गडी होते, अमडापूरचे इंजिन मिस्त्री गफूरभाई होते, ताई न्याहारी घेऊन आली होती. मावशींनी दिवा सोडला. उंबरापर्यंत ज्योत सरळ होती. उंबराच्या खाली गेली आणि विझली. पुन्हा लावून सोडला. तिथंच विझला.

गडी निमूटपणे आंब्याखाली जाऊन बसले. एकानं तंबाखू काढली.

"शेषा, आज राहू दे," मावशी म्हणाल्या. "उद्या नारळ फोडू. विहीर काई पळून नाई चालली."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माय, आता इंजिनाचे दिवस आले. आसरा इंजिनाले भेतात का नाई, तेच पाहू आज."

गडी हसले. गफूरभाई हसले नाहीत. "मास्टरजी, अपन को इसमें का कुछ मालूम नहीं. मगर जिसकी बावडी, उसका दस्तूर. अम्मा नको बोली तो नको."

मी म्हणालो, "ज्योत आहे ती, वाऱ्यानं विझणारच." माझ्या पिशवीत नवी बॅटरी होती — तेव्हा टॉर्चला सगळे बॅटरीच म्हणत. ती वर धरून मी सगळ्यांना दाखवली. "हिला वारा लागत नाही आणि आसराही लागत नाहीत. ही सोडून पाहू."

इथं थांबून एक सांगायला हवं. पेटती मेणबत्ती बरणीत ठेवायची, वरून कर्बवायू सोडायचा आणि ती विझलेली दाखवायची, हा प्रयोग मी दर वर्षी वर्गात करत असे. बंद पडलेल्या विहिरीत तोच वायू साचतो हेही शिकवत असे. त्या सकाळी मला ते आठवलं नाही. एकदाही नाही. दिवा का विझतो याबद्दल मावशी सांगत ते मला खोटं ठरवायचं होतं... आणि त्या नादात दिवा विझला ही खरी गोष्टसुद्धा मी खोटी धरली.

बॅटरी लावून मी दोराला बांधली, तोंड खाली करून. काठावर मी एकटाच वाकलो होतो. बाकीचे मागे होते. उजेडाचं वर्तुळ एकेक दगड ओलांडत खाली जात होतं. कपारीतले पारवे एव्हाना उडून गेले होते. विहिरीत इतकी शांतता होती की दोर काठाला घासल्याचा आवाज मला मोठा वाटला.

उंबराच्या खाली बॅटरी विझली.

आधी मंद झाली नाही, फडफडली नाही. उजेड होता आणि मग नव्हता. दोराला झटका बसला नव्हता. मी दोर वर ओढला. उंबराच्या वर येताच ती आपोआप लागली. पुन्हा सोडली. तिथंच विझली. वर घेतली, लागली.

मी बॅटरी काठावर घेतली.

"काय झालं मास्तर? जळून राह्यली का?" मागून भाऊजींनी विचारलं.

मी वळून पाहिलं. गडी मिश्कीलपणे बघत होते. मावशी डोक्यावरचा पदर धरून उभ्या होत्या, नजर माझ्यावर. मनात म्हटलं, सेल हलला असणार. बॅटरी उघडून पाहायला कितीसा वेळ लागला असता? पण त्यासाठी ती विझली होती हे आधी सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं.

"शेवटपर्यंत लागलेली आहे," मी म्हणालो.

भाऊजींनी धोतर खोचलं. गफूरभाई म्हणाले, "शेषरावभाई, कमर को रस्सी तो बांधो." भाऊजींनी हात झटकला, विहिरीच्या भिंतीतले पायटे ते लहानपणापासून चढत-उतरत होते. मी म्हटलं, मी पण येतो.

"तुले पोहता येते काय बे?" ते हसून म्हणाले. "तू वरतूनच शिकव. दे ती बॅटरी."

ती त्यांनी गळ्यात अडकवली आणि उतरायला लागले. उंबरापाशी त्यांनी एकदा वर पाहिलं. चेहऱ्यावर काय होतं ते दिसलं नाही, ऊन डोळ्यांवर येत होतं. मग ते खाली गेले. गाळात पाय पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. ओ आली नाही.

सगळे काठाशी धावले. तळाच्या अंधारात भिंतीवर एक पांढरं वर्तुळ पडलेलं होतं. बॅटरी जळत होती. हलत नव्हती.

गफूरभाई तोंडाला ओला रुमाल बांधून उतरले. उंबरापर्यंत जाऊन तिथूनच परत फिरले. वर येऊन किती तरी वेळ त्यांना बोलता येईना. लिंबाच्या फांद्या दोराला बांधून विहिरीत खालीवर केल्या, पाणी ओतलं, हवा हलवली. दुपारी भाऊजींना वर काढलं. गळ्यात बॅटरी तशीच लागलेली होती. मावशींनी ती पाहिली. लेकाच्या तोंडाकडे पाहायच्या आधी त्यांनी बॅटरीकडे पाहिलं.

पंचनाम्यात मी विषारी वायू असं सांगितलं. ते खरंच होतं. पुढे गावोगावच्या शाळांतून मी जुन्या विहिरींतल्या वायूबद्दल बोलत फिरलो. त्यानं काही माणसं वाचलीही असतील. लोक म्हणत, मास्तरांनी दुःखातून केवढं काम उभं केलं.

तेराव्यानंतर निघताना मावशींनी मला परसात गाठलं.

"मास्तर, एक इचारू? तुमची बॅटरी पार खालपावतर जळत व्हती ना? नक्की?"

मी खरं सांगायला हवं होतं. पण त्यांच्या मागेच ताई पांढऱ्या कपाळानं उभी होती...

"हो, मावशी."

त्यांनी मान हलवली. "मीनंबी पाह्यली ना. तुमच्या उजेडाले आसरानं वाट देल्ली. माह्या दिव्याले नाई देल्ली. मंग माहाच दिवा खोटा. त्या दिशी सकाळीच मी सुनेवर वरडली अन् त्याच हातानं कणीक मळली. आसरा माह्यावर कोपल्या, अन् घेतलं लेकाले."

मी विज्ञान सांगायला लागलो. वायू जड असतो, तळाशी बसतो... त्या ऐकत होत्या. "असन," म्हणाल्या. त्यांचा लेकही असंच म्हणायचा.

त्यानंतर त्यांनी कुणाच्या विहिरीला दिवा सोडला नाही. कुणी बोलवायला आलं की म्हणायच्या, "माह्या हातचा दिवा चालत नाई बाप्पा." आणि सुनेशी त्या पुन्हा कधी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. ताईनं जेवून घेतल्याशिवाय जेवत नसत. सणासुदीला तिच्या पायांना हात लावायच्या. सासू सुनेच्या पाया पडते, म्हणून लोक नावं ठेवायचे. मी ते पाहायचो आणि एस.टी. पकडून मेहकरला परत यायचो.

मावशींचा विश्वास मी मोडू शकलो नाही. माझ्या खोट्यानं तो फक्त त्यांच्यावरच उलटला. "माझीही बॅटरी तिथंच विझली होती" एवढं म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं की आपला दिवा खरा होता, आपण वेळेवर सांगितलं होतं, आपलं काही चुकलं नव्हतं. पण मग गाव पुन्हा आसरांकडे वळेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो. ते कारण चांगलं दिसायचं. खरं कारण सांगायला आजचा दिवस यावा लागला. मला लोकांसमोर चूक ठरायचं नव्हतं.

भाऊजींचंही आता कळतं. माझ्या युक्तिवादांनी त्यांचं मत बदललं नव्हतं. त्या दिवशी शाळेत त्यांच्यावर हसणाऱ्यांत मी होतो, आणि त्यांना पुन्हा माझ्या बाजूला बसायचं होतं. एवढ्यासाठी माणूस पिढ्यांचा विश्वास सोडतो. आणि एवढ्याचसाठी दुसरा माणूस डोळ्यांनी पाहिलेलंही मान्य करत नाही.

बॅटरीचं म्हणाल, तर तुम्ही सांगाल ती सगळी कारणं मी तपासली आहेत. सेल ढिला असेल. पण मग दोन्ही वेळा त्याच जागी का विझावी, आणि वर येताना हात न लावता का लागावी? वायूनं दिवा विझतो, विजेचा उजेड विझत नाही, हे मीच शिकवलं. आणि उंबराखाली माझ्या दोरावर जी जळली नाही, ती त्यांच्या गळ्यात दुपारपर्यंत जळत राहिली.

गेल्या वर्षी ताईला हे सगळं सांगितलं. तिला आता नीट दिसत नाही. तिनं पदराचं टोक बोटांत धरलं.

"मले काऊन सांगून राह्यला, बापू?" ती म्हणाली. "तिले सांगायचं व्हतं. जलमभर म्हातारी माह्यापुढं वाकत राह्यली. अन् मलेबी वाटे, हो, तिच्याच पापानं गेले. म्या तिले वाकू देल्लं."

तिनं पदराचं टोक सोडून दिलं.

"तू आता आसराले मानतो काय?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

लगेच म्हणालो. विचारसुद्धा केला नाही.