विचार करणारी गाडी

बीडच्या बसस्थानकात एस.टी. शिरली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, आणि ज्या तक्रारीसाठी मला पुण्याहून धाडलं होतं तिचा निकाल मी प्रवासातच लावून टाकला होता. गाडीत दोष नाही, चूक ड्रायव्हरची. मी पिकअप गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रारी तपासायचो. बाजार खुला झाल्यापासून नवनव्या गाड्या निघत होत्या आणि जुन्या जीपवर हात बसलेली माणसं त्या चालवून आम्हाला पत्रं लिहीत होती. परळीच्या महादेवअप्पांचं पत्र त्यातलंच. ‘पायाने दाबले तरी गाडी आधी विचार करते आणि मग पळते,’ असं त्यांनी लिहिलं होतं. या वाक्यावर आमच्या ऑफिसात दोन दिवस हसणं चाललं होतं.

मला न्यायला तीच गाडी आली होती. रिक्षांच्या गराड्यात एक पांढरी पिकअप उभी होती आणि तिच्या चाकाशी चाळिशीतला एक उंच, सडपातळ माणूस उकिडवा बसला होता. हा मारुती, अप्पांचा ड्रायव्हर. त्याने माझी बॅग घेतली, सीट फडक्याने पुसली आणि वडवणीच्या रस्त्याला लागेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

मीही त्याला काही विचारलं नाही. त्याचे पाय बघत बसलो. समोर एखादं वाहन दिसलं की तो ओलांडायच्या बराच आधी अ‍ॅक्सिलरेटर दाबू लागायचा. मला ही खोड वाटली. मी वहीत ‘चालकास सवय नाही’ असं लिहून घेतलं. त्याला वाचता येत असावं, कारण त्यानंतर तो आपण होऊन बोलला.

“साहेब, गाडी चांगली हाय असंच लिवणार ना तुमी?”

“असेल तर लिहीन.”

“अप्पा म्हणलेत, कंपनीचा माणूस गाडी चांगली हाय म्हणला तर खोट तुज्या पायात हाय. मंग तू आपला मेंढरांकडं जा.”

“मेंढरं आहेत तुझी?”

“व्हती. ती इकली तवाच लायसन काढलं.” एवढं सांगून तो पुन्हा रस्त्याकडे बघू लागला.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण असं वाईट वाटून घेतलं तर आमच्या धंद्यात एक फॉर्म पुरा भरून होणार नाही. दोन्ही बाजूंना बालाघाटाच्या बोडक्या टेकड्या होत्या. त्यांच्या उतारांवर सीताफळाची झाडं होती आणि झाडाखाली पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. गाडी थांबवून त्यांतल्या एका बाईकडून मी चार सीताफळं घेतली. पिकलेली मागितली होती, दोन दगडासारखी निघाली.

वडवणी मागे पडल्यावर मी स्टिअरिंग मागून घेतलं. नवी गाडी कशी चालवायची ते मारुतीला दाखवावं, असा माझा विचार होता. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. मी गिअर बदलला, गाडी उजवीकडे काढली आणि पाय तळापर्यंत दाबला. काही झालं नाही. आरशात नुसता काळा धूर दिसला. गाडी पहिल्या ट्रॉलीच्या बरोबरीने रेंगाळत राहिली आणि समोरच्या वळणावरून एस.टी. आली.

“साहेब, मागं घ्या,” मारुती म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने.

मी ब्रेक दाबून कशीबशी गाडी ट्रॉलीच्या मागे घातली. एस.टी.चा ड्रायव्हर जाता जाता माझ्या आईचा उद्धार करून गेला आणि तो बरोबर होता. तेलगावला चहाच्या टपरीशी मी गाडी थांबवली.

या गाडीत टर्बो होता. म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा एक पंखा, जो इंजिनात जादा हवा कोंबतो. त्याला वेग यायला क्षणभर लागतो आणि तेवढी ढिलाई आम्ही धरूनच चालायचो. पण मी आत्ता भोगली ती क्षणाची नव्हती. मी बोनेट उघडलं. हे मी बीडलाच करायला हवं होतं.

हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावर मऊ सुती कापडाची चौपदरी घडी दोऱ्याने नीट बांधलेली होती. कापड मूळचं पांढरं असावं. आता ते राखेने करडं आणि घट्ट झालं होतं. नाकावर उशी दाबून माणसाला पळायला सांगावं तसा प्रकार होता.

“हे कुणी बांधलं?”

“मी बांधलं म्हणून लिवा,” मारुती म्हणाला.

“तू बांधलंस?”

“न्हाई.”

थोडं थोडं करून कळलं ते असं. अप्पांच्या घरी पाणी वस्त्रगाळ (कापडातून गाळून) पितात. परळीत विजेच्या कारखान्याची राख उडते आणि अप्पांची गाडी तिथेच विटा-सिमेंट वाहते. तेव्हा अप्पांच्या बायकोने, माईंनी, विचार केला की गाडीनंही गाळूनच प्यावं. दर सोमवारी वैजनाथाला बेल वाहून आल्या की गाडीची पूजा करायच्या आणि मारुतीला बोनेट उघडायला सांगून आधीच्या कापडावर नवा पदर चढवायच्या. अप्पांना याचा पत्ता नव्हता.

“तू काढलं का नाहीस?”

“एकदा काढलतं. गाडी लई झ्याक पळाली. दुसऱ्या दिशी माईनं बगितलं, म्हणल्या, कापड पडलं वाटतं, आन पुन्ना बांधलं.”

“मग अप्पांना सांगायचंस!”

“माझी बायको दवाखान्यात व्हती तवा माईनं महिनाभर डबा धाडला साहेब. त्यांचं नाव कसं घेऊ?”

मला त्याचा राग आला. नोकरी चालली होती त्याची, आणि हा बाबा माईंची अब्रू सांभाळत बसला होता. कापड मी बॅगेत कोंबलं आणि गाडी त्याच्या हातात दिली. आता ती चांगली ओढत होती. टर्बोचा तो एक क्षण तेवढा उरला होता. मारुती तो आधी पाय देऊन बरोबर भरून काढत होता.

“मेंढरांचं बी असंच,” तो म्हणाला. “हाक दिली की लगीच वळत न्हाईत. वळायच्या आदीच हाक द्यावी लागती.” वहीतली ती ओळ मी खोडली.

परळीच्या वीज कारखान्याच्या चिमण्या लांबूनच दिसल्या. घरांच्या पत्र्यांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर राख होती. अप्पांचं घर दुकानाच्या मागे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. त्यांनी आधी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि येसराची (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पुडीची) आमटी. आमटी इतकी उत्तम की मी तिसऱ्यांदा घेतली. मारुती दाराशी ताट घेऊन बसला होता. माई तांब्यावर कापड धरून पाणी गाळत होत्या.

“मंग? गाडी चांगली हाय का?” अप्पांनी विचारलं.

“चांगली आहे,” मी म्हणालो, आणि पुढचं बोलेपर्यंत अप्पा दाराकडे वळले होते, “ऐकलंस बे?” तेव्हा मी घाईने म्हणालो, “पण हवेच्या तोंडावर कापड बांधलेलं होतं. राखेने गच्च भरलेलं.” कुणी बांधलं ते मी सांगितलं नाही. मला वाटलं, मी फार हुशारीने वागलो.

अप्पा उसळले. “कापड कावून बांधलंस बे? इंजान म्हंजी काय लोणच्याची बरणी हाय?”

मारुती ताटात बघत म्हणाला, “चुकलं अप्पा.”

माईंनी तांब्या खाली ठेवला. “त्यानं न्हाई बांधलं. मी बांधलंय. राख जाऊ नये म्हणून.” मग मारुतीकडे बघून म्हणाल्या, “आन तू रं, माज्यापायी शिव्या खातूस व्हय?” अप्पांकडे वळून त्या म्हणाल्या, “महिना झाला, त्याच्या पायाला नावं ठिवताय. एकदा तरी विचारलं का त्याला, गाडीला काय झालंय म्हणून?”

सकाळपासून मीही विचारलं नव्हतं. नळीतच एक जाळी असते, दुसऱ्या कापडाची गरज नाही, असं मी माईंना हळूच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दुपारी मला स्टेशनवर सोडायला अप्पा स्वतः आले. मारुती चालवत होता, मी मधे, ते खिडकीशी. मोठ्या रस्त्याला मिळताना उजवीकडून राखेचा ट्रक येत होता. अजून बराच लांब होता. अप्पांचा हात उठला, तोंड उघडलं. ‘दाब’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला.

“मारुती,” ते म्हणाले, “जायचं का?”

“थांबा अप्पा. आजून न्हाई.”

ट्रक गेला. त्याची राख काचेवर बसली. अप्पा हात मांडीवर ठेवून, मारुती सांगेपर्यंत बसून राहिले.